हे तुला कोणी सांगितलं?

गेल्या जानेवारीतली गोष्ट आहे. गुरुवार होता, मगरिबची नमाज नुकतीच झाली होती. धाकट्या बहिणीची मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून घरात शिरली आणि थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तेव्हा ती आठवीत होती, मराठी माध्यमात. शाळेने सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम शनिवारवर ढकलला होता आणि त्यात तिला फातिमा शेख यांच्यावर पाच मिनिटं बोलायचं होतं. आठ दिवस आरशासमोर तयारी चालली होती.

"खाला, फातिमा शेख खरंच होती का? की कोणीतरी बनवलीय?"

त्याच आठवड्यात दिल्लीतल्या एका पत्रकाराने समाजमाध्यमावर लिहिलं होतं की फातिमा शेख हे पात्र आपण स्वतः रचलं, अशी बाई कधी झालीच नाही. वाहिन्यांनी ते उचललं, घरोघरच्या मोबाइलवर ते पोचलं, आणि तिथून हिच्या वर्गात. मधल्या सुट्टीत एक मुलगा तिला म्हणाला, "तुमची फातिमा खोटी निघाली."

खोटी या शब्दाने ती रडली असेल असं मला आधी वाटलं. रात्री बोलताना कळलं की 'तुमची' हा शब्द तिला जास्त लागला होता.

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं: होती म्हणजे काय, होतीच! सांगून टाकलं असतं तर ती डोळे पुसून जेवायला बसली असती आणि शनिवारी भाषणही ठोकून आली असती. पण तो मुलगाही घरून असंच काहीतरी ऐकून आला होता. त्याच्या अब्बांनी म्हणा, बाबांनी म्हणा, "नव्हतीच" असं ठामपणे सांगितलं होतं. माझं "होतीच" त्याहून वेगळं कसं? म्हणून मी गॅस बारीक केला, तिला समोर बसवलं आणि भाषणाचा कागद मागितला.

दीड पानाचं भाषण होतं. पहिलंच वाक्य: "फातिमा शेख यांचा जन्म ९ जानेवारी १८३१ रोजी पुणे येथे झाला."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"गुगलवर आहे. त्यांनी त्या दिवशी चित्रसुद्धा काढलं होतं."

ते खरं आहे. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने आपल्या पानावर फातिमा शेख यांचं चित्र लावलं होतं. पण गुगलला कोणी सांगितलं? या जन्मतारखेला त्या काळातल्या कोणत्याही कागदाचा आधार नाही. तारीख एकाने लिहिली, दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने त्या दिवशी जयंती साजरी केली. जयंती होते म्हणून तारीख खरी, असं मग चौथ्याला वाटू लागलं.

आपल्या घरातल्या मुलांना हा प्रश्न परका नाही, हे इथे सांगायला हवं. मदरशात किंवा मकतबमध्ये जाणाऱ्या कुठल्याही मुलाला हदीसचे दोन भाग ठाऊक असतात, सनद आणि मतन. मतन म्हणजे काय सांगितलं ते आणि सनद म्हणजे ते कोणी कोणाकडून ऐकलं, त्याची साखळी. इमाम बुखारी (रह.) यांच्यासारख्या मुहद्दिसांनी आयुष्यं वेचली ती या साखळीची एकेक कडी तपासण्यात. सांगणारा खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती शाबूत होती का, ज्याचं नाव तो घेतो त्याला तो खरोखर भेटला होता का? एक कडी कच्ची निघाली की रिवायत जईफ. कडी बनावट निघाली तर मौजू, म्हणजे रचलेली. मजकूर कितीही गोड असला तरी. सूरह हुजुरातमध्येही ताकीद आहे की बेभरवशाचा माणूस बातमी घेऊन आला तर आधी खातरजमा करा, नकळत कोणाचं नुकसान करून बसाल. (घोड्याला रिकामी ओंजळ दाखवून फसवणाऱ्या माणसाकडून एका मुहद्दिसाने हदीस घेतली नाही, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. आमच्या मौलानांना मी एकदा तिचीच सनद विचारली. ते हसले आणि म्हणाले, "बाई, ही लहान मुलांना सांगायची.")

दीनच्या इल्मची आणि इतिहासाची बरोबरी मला करायची नाही. पण विचारायची सवय एकच आहे, आणि ती आपल्या घरात आधीपासून आहे. ती आपण फक्त जुम्याच्या बयानपुरती ठेवतो आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या 'मुस्लिमांचा गौरवशाली इतिहास' या मजकुराला मात्र बिनसनद पुढे ढकलतो.

तर आम्ही दोघी सनद शोधायला बसलो. माझ्याकडे 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली छापलेलं. त्यात सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. पहिलं १० ऑक्टोबर १८५६ चं. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या होत्या. पत्रात त्या लिहितात की भावाने आपली खूप सेवा केली, आता बरं वाटतं. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भाऊ कसा बोलला आणि आपण त्याला काय उत्तर दिलं, तेही त्यात आहे. आणि शेवटाकडे एक साधं वाक्य येतं: आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं.

भाचीने ते वाक्य तीनदा वाचलं. मग तिचा चेहरा उतरला.

"एवढंच?"

एवढंच. पण यातून काय काय निघतं ते बघ, म्हटलं. सावित्रीबाई पुण्यात नसताना फातिमा मागे होती आणि काम तिच्यावर पडलं होतं. हे काम जोतीरावांना माहीत होतं, कारण ते काय हे पत्रात समजावून सांगावं लागलं नाही. फातिमा कोण, हेही सांगावं लागलं नाही. म्हणजे ती घरच्यासारखी होती. आणि सावित्रीबाईंना तिच्या स्वभावाची खात्री होती. आता मला सांग, १९८८ साली छापून ग्रंथालयांत गेलेल्या पुस्तकात जे नाव आहे, ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या माणसाने कसं बनवलं असेल?

ती हसली. तिला बाजी जिंकल्यासारखं वाटलं. मग मी लाल पेन्सिल काढली, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

जन्मतारीख खोडली. "भारतातील पहिली मुस्लिम शिक्षिका" यावर बराच वाद झाला. मी म्हटलं, आपल्या मोहल्ल्यांत घरात बसून मुलींना कुराण शिकवणाऱ्या उस्तानी शेकडो वर्षांपासून आहेत, त्या शिक्षिका नव्हत्या का? फुल्यांच्या शाळेत काम करणारी, इतकं म्हण. त्यातही पत्रात 'शिक्षिका' हा शब्द नाही. ते आपण संदर्भावरून लावतो, आणि लावण्यात गैर नाही, पण लावलं आहे हे आपल्याला ठाऊक असावं. पत्रात 'शेख' हे आडनावही नाही. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतीराव-सावित्रीबाईंना गंज पेठेत आसरा देणारे उस्मान शेख आणि त्यांची बहीण फातिमा, ही हकिगत पुढच्या लेखकांनी सांगितलेली आहे. ती "असे सांगितले जाते" म्हणून सांगायची. सावित्रीबाईंच्या शेजारी बसलेल्या स्त्रीचा फोटो आहे, ती फातिमा मानली जाते. तेही तसंच सांगायचं. आणि घरोघर जाऊन फातिमाने मुस्लिम आयांना काय काय सुनावलं, ते संवाद पूर्ण काढून टाकले. ते कोणीतरी रचलेले होते. छान होते, पण रचलेले होते.

दीड पानाचं अर्धं पान झालं. ती रडवेली होऊन म्हणाली, "खाला, तो मुलगा खोडतो आणि तूपण खोडतेस."

हे मला लागलं. रात्री झोप आली नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला आधीच पाठ्यपुस्तकात आपली माणसं बोटावर मोजण्याइतकी येतात; त्यातल्या एकीच्या भाषणावर मी लाल पेन्सिल फिरवत होते. पण सकाळीही माझं मत बदललं नव्हतं. त्या पत्रकाराला हे धाडस का झालं? दहा वर्षांत या बाईच्या नावावर इतक्या सांगोवांगीच्या गोष्टी चढल्या होत्या की एक कच्ची वीट दाखवून सगळी भिंत खोटी म्हणायला त्याला जागा मिळाली. कच्च्या विटा आपणच रचल्या होत्या, प्रेमाने.

शुक्रवारी मी तिला खोडलेल्या जागी भरायला दोन पक्क्या गोष्टी दिल्या. एक म्हणजे जोतीरावांचं स्वतःचं शिक्षण. वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातलं होतं. पोराची हुशारी बघून गोविंदरावांचं मन वळवलं ते शेजारच्या गफ्फार बेग मुनशींनी आणि लिजिट साहेबांनी. मग १८४१ साली जोतीराव पुन्हा मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले. धनंजय कीरांच्या चरित्रातही हे आहे. म्हणजे फातिमाच्या आधी एक मुनशीजी या गोष्टीत आहेत आणि त्यांच्यावर कोणी भाषण करत नाही! दुसरी गोष्ट मुक्ता साळवेची. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजाची मुलगी. महार-मांगांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आमची भाची तेरा वर्षांची. तिने हे दुसऱ्यांदा विचारून घेतलं.

शनिवारी भाषण झालं. तिने सुरुवातच पत्राच्या तारखेने केली: १० ऑक्टोबर १८५६, नायगाव. बक्षीस मिळालं नाही, ते झाशीच्या राणीच्या वेशात आलेल्या मुलीला मिळालं. (विषय काय होता, हे परीक्षक विसरले असावेत.) पण त्या मुलाने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं की ते पुस्तक कुठे मिळतं. आता ते दोघं एकाच बाकावर बसतात, असा या गोष्टीचा शेवट झालेला नाही. त्याने विचारलं, तिने सांगितलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला सोलापूरला जायचं होतं. माझं सासर तिथलं. पहाटेच्या गाडीने तिलाही घेऊन गेले. १२ जानेवारी होती. सोलापुरात या दिवसाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. चार हुतात्मा चौकात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचे पुतळे आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. वय विशीच्या थोडं पुढे.

पुतळ्यांना हार घातले जात होते, शाळेची मुलं रांगेत उभी होती. भाचीने चारही नावं वाचली आणि हळूच विचारलं, "यातले आपले एकच?" आदल्या गुरुवारी 'तुमची' या शब्दाने रडलेली मुलगी तीन दिवसांनी स्वतः 'आपले' मोजत होती. मी तिला रागावले नाही. म्हटलं, इंग्रजांनी मोजताना चार मोजले होते.

मग चौकातच एका बाकावर बसून तिला सगळं सांगितलं, आणि सगळं म्हणजे सगळं. मे १९३० मध्ये गांधीजींना पकडलं तेव्हा हे गिरणीकामगारांचं शहर पेटून उठलं. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. जमावाने पोलीस चौकी जाळली आणि दोन पोलीस मारले गेले. काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नाही. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. पुढे त्या दोन पोलिसांच्या खुनाचा खटला या चौघांवर चालला. या चौघांचा त्यात हात नव्हता, अशीच सोलापूरची ठाम समजूत आहे. पण दोन पोलीस मेले, हे आपण मुलांना सांगत नाही. हुतात्म्यांच्या गोष्टीत ते अडचणीचं वाटतं. मी सांगितलं. तिने लगेच विचारलं, "ते पोलीसपण इथलेच होते ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त "हो" होतं.

आणि मग नागरिकशास्त्राचा धडा आपोआप आला. मार्शल लॉ म्हणजे काय? लष्कराचा हुकूम हाच कायदा. कोणालाही धरता येतं, कागद मागणारं कोणी नसतं. आज पोलिसांनी कोणाला धरलं तर? भाचीच्या पुस्तकात मूलभूत हक्कांची यादी होती, पाठही होती, पण ती कशासाठी लिहिली गेली ते या चौकात कळत होतं. कलम २२: अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, वकील गाठू दिला पाहिजे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. कलम २१: कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय कोणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नाही. हे लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी स्वतः तुरुंग भोगला होता. त्याच कलम २२ मध्ये पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेची सूट ठेवलेली आहे, म्हणजे काही कायद्यांखाली चोवीस तासांची हमी लागू होत नाही, हेही मी तिला सांगितलं. आपल्या समाजातल्या घरांना हा परिच्छेद पुस्तकाबाहेरही माहीत असतो. मुलांपासून तो लपवून 'संविधान आपलं रक्षण करतं' एवढंच शिकवलं, तर पहिल्याच धक्क्याला त्यांचा संविधानावरचा विश्वास उडतो. सूटही कळू दे, आणि त्या सुटीविरुद्ध न्यायालयात जायची वाटही.

आता चित्रपटांबद्दल. या सदरातून मी चित्रपटांची नावं घेते याबद्दल दोन-तीन भगिनींनी नाराजीची पत्रं लिहिली आहेत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे; ज्या घरात चित्रपट पाहत नाहीत त्यांनी पाहू नये. पण ज्या घरात मुलांच्या हातात मोबाइल आहे, तिथे ती इतिहास चित्रपटातूनच शिकत आहेत, आपण शेजारी बसलो तरी आणि नाही बसलो तरी. गेल्या दोन-चार वर्षांत थिएटरातून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या घोषणा आपण ऐकल्या आहेत. पडद्यावर जे दिसलं ते घडलं असं समजून ते बाहेर पडत होते.

'फुले' हा हिंदी चित्रपट गेल्या वर्षी ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने बदल सुचवले, त्यात जातींची नावं आणि 'पेशवाई' हा शब्द काढायचं होतं. शेवटी तो २५ एप्रिलला आला. परीक्षा संपल्यावर आम्ही तो पाहिला. घरी येऊन वहीच्या एका पानावर तीन रकाने आखले: कागदात आहे, सांगितलं जातं, चित्रपटाने घातलं. फातिमाचे बहुतेक प्रसंग तिसऱ्या रकान्यात गेले. तरी भाचीला चित्रपट आवडला, मलाही आवडला. चित्रपटाला पुराव्याबाहेर बोलायची मुभा असते. फक्त ती घेतली आहे हे आपल्याला कळावं.

रकान्यांपेक्षा तिला दुसरीच गोष्ट खटकली. जातीवरच्या जुलमाचा चित्रपट, आणि त्यात जातीचं नाव घ्यायचं नाही? हे ठरवणारे कोण? मग १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापर्यंत गाडी गेली. मंडळ केंद्र सरकार नेमतं. कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच कलमात त्यावर वाजवी बंधनांची मुभाही आहे. पूर्वी मंडळाविरुद्ध दाद मागायला वेगळं न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. आता उच्च न्यायालयात जावं लागतं. 'वाजवी' कोणी ठरवायचं यावर ती आणि तिचा मोठा भाऊ असे भांडले की मला मध्ये पडावं लागलं. कारण ज्या चित्रपटांत मुस्लिमांना सरसकट खलनायक केलं जातं ते बंद करावेत, असं तो आदल्याच आठवड्यात म्हणाला होता, आणि तिने नेमकं तेच काढलं. यावर माझं उत्तर काय, असं दोघांनी विचारलं. मला अजून नक्की सांगता आलेलं नाही. चित्रपट आवडला नाही म्हणून बंद करणं आणि तो लोकांना मारायला चिथावतो म्हणून रोखणं यात फरक आहे एवढं मी म्हणाले. पण रेघ कुठे, यावर घरात एकमत नाही.

जुन्यांपैकी एक सुचवते: प्रभातचा 'शेजारी', १९४१. व्ही. शांतारामांनी केलेला, विश्राम बेडेकरांच्या कथेवरचा. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे शेजारी, गावात धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात फूट पाडतो. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला पाकिस्तानचा ठराव झाला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात हा चित्रपट निघाला, हे आधी सांगून मग मुलांना दाखवा. तो त्या काळाचा कागदच आहे. याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मुस्लिम मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि हिंदू शेजाऱ्याची मजहर खान यांनी. माझ्या घरातल्या मुलांना चित्रपटाच्या गोष्टीपेक्षा हीच गंमत जास्त लक्षात राहिली.

या महिन्यात २६ जानेवारीचं भाषण तिलाच दिलं आहे. शाळेने नेहमीचे विषय दिले होते. तिने बेगम ऐजाज रसूल यांचा मागून घेतला. संविधान सभेतल्या या एकमेव मुस्लिम महिला. मुस्लिमांसाठी राखीव जागा नकोत, त्या अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून तोडतील, असं त्यांनी सभेत सांगितलं, तेही फाळणीचं रक्त सुकलं नसताना. आज लोकसभेत आपले खासदार मोजताना त्यांचं बरोबर होतं की चूक, यावर घरोघर वाद होऊ शकतो. तो व्हावा. पण इथे सनदेची अडचण नाही: संविधान सभेच्या चर्चा शब्दशः नोंदलेल्या आहेत, छापलेल्या आहेत, कोणालाही वाचता येतात. "खाला, इथे खोडायला काहीच नाही," ती म्हणाली. तिला आता खोडायची चटक लागली आहे.

त्या चटकेचा पहिला तडाखा माझ्या सासूबाईंना बसला होता, तेही सोलापुरातच, १२ जानेवारीच्या त्याच दुपारी. जेवताना त्या नेहमीची गोष्ट सांगत होत्या, की कुर्बान हुसेनसाहेबांनी आमच्या घरी येऊन चहा घेतला होता. लग्न होऊन आल्यापासून मी ती ऐकते आहे. भाचीने घास खाली ठेवला.

"दादी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"क्या गे, मैं झूट बोलती क्या?" सासूबाई तडकल्या. मी ताटात मान घातली. पण मग त्याच म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः पाहिलं होतं का? सासूबाई जरा थांबल्या. नाही, ते तेव्हा दहा वर्षांचे, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल. मग सासऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं होतं? ते मात्र त्यांना लगेच आठवलं: मार्शल लॉमध्ये गोरे सोल्जर गल्लीत आले तेव्हा वडिलांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि गव्हाच्या डब्यात तळाशी दाबून ठेवली. ते पाहणारा मुलगा दाराच्या फटीत उभा होता. पुढे कित्येक वर्षं गहू निवडताना ते ही गोष्ट सांगत.

इतक्या वर्षांत ही टोपी मी पहिल्यांदा ऐकली. आम्ही सगळे चहाच पीत बसलो होतो.

भाचीने वहीत लिहून घेतलं. टोपी: आजोबांनी पाहिलं, दादींना सांगितलं, दादींनी मला, १२ जानेवारी २०२५, सोलापूर. चहा: जईफ.

पंधरा दिवसांपूर्वी सासूबाईंचा फोन आला, माझ्यासाठी नव्हता, भाचीसाठी होता. त्यांनी आपल्या नणंदेला गाठलं होतं, शहाऐंशी वर्षांच्या आहेत. नणंदबाईंनी चहाची गोष्ट थेट आपल्या दादांच्या, म्हणजे टोपीवाल्यांच्याच तोंडून ऐकली होती. चहा झाला होता. पण आमच्या घरी नव्हे, पेठेतल्या एका हॉटेलात, आणि पैसे कुर्बान हुसेनसाहेबांनी दिले होते.

भाचीने वही काढली आणि 'जईफ' खोडलं. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही. नणंदबाईंना ती स्वतः जाऊन विचारणार आहे.